हँडब्रेक गोठला तर काय करायचं? थंडीतल्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात थंडीत बॅटरी का बसते यावर लिहिलं होतं, त्यानंतर आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा आला, तो म्हणजे रात्री हँडब्रेक ओढून ठेवला आणि सकाळी गाडी हललीच नाही. कुणी हिमाचलातून लिहिलंय, कुणी कॅनडातून, एक पत्र तर निफाडहून आहे. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला देतोय.

प्रश्न: दादा नमस्कार. मी, बायको आणि माझी आई, पुण्याहून स्वतःची हॅचबॅक घेऊन जानेवारीत मनालीला गेलो होतो, तिथून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला एक रात्र राहिलो. रात्री हॉटेलच्या अंगणात गाडी लावली, नेहमीसारखा हँडब्रेक ओढला. सकाळी गाडी एका सेल्फला स्टार्ट झाली पण पहिला गिअर टाकून क्लच सोडला की इंजिन दबतं आणि गाडी जागची हलत नाही. हँडब्रेक पूर्ण खाली, डॅशबोर्डवरचा दिवापण विझलेला. हॉटेलच्या मुलाने चाकांवर उकळतं पाणी ओतलं, गाडी सुटली, पण पुढे अर्ध्या तासाने चहाला थांबलो आणि परत आलो तर पुन्हा तेच. नक्की काय झालं होतं आणि आम्ही काय करायला हवं होतं? — एक वाचक, निगडी

उत्तर: तुमचे मागचे लायनर, म्हणजे ब्रेकमधल्या घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) डब्याला चिकटले होते. बाकी गाडीत काहीही बिघाड नव्हता, त्यामुळे आधी ती काळजी सोडा.

झालं काय ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो, हँडब्रेक ओढला की दांड्यापासून निघालेली केबल मागच्या दोन्ही चाकांतले ब्रेक शू बाहेर फाकवते आणि त्यावरचे लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला दाबून धरते. तुम्ही बोगद्यातून बाहेर पडलात, पुढे रस्त्यावर तुडवलेल्या बर्फाचा राखाडी चिखल, तो चाकातून उडून सगळीकडे बसतो, वळणावळणाने ब्रेक मारत आल्यामुळे ड्रम कोमट झालेले, त्या उबेने आत गेलेला बर्फ वितळला आणि लायनर ओले झाले. त्याच ओल्या अवस्थेत तुम्ही हँडब्रेक ओढलात. रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला, लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये कागदापेक्षा पातळ पाण्याचा थर होता त्याचा बर्फ झाला, आणि तो बर्फ फेविकॉलसारखा धरून बसला. सकाळी तुम्ही दांडा खाली केलात तेव्हा केबल सैल झाली हे खरं, पण लायनर मागे यायला तयार नव्हते, आत त्यांना मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा असतात त्यांची ताकद एवढा बर्फ तोडायला पुरत नाही.

आणि तो दिवा. हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून जरा ठासून सांगतो, हँडब्रेकच्या दिव्याचा स्विच दांड्यापाशी असतो, चाकापाशी नाही. दिवा विझला म्हणजे दांडा खाली गेला एवढंच कळतं. चाक सुटलं की नाही हे तो सांगूच शकत नाही.

लेहला माझ्या मित्राचं वर्कशॉप आहे, तिथे मी दोन हिवाळे काढलेत. एका सकाळी शेजारच्या गेस्ट हाऊसमधली एक गाडी आमच्या समोरून गेली, पर्यटकांचीच होती, इंजिन जोरात रेस होत होतं आणि गाडी मात्र बैलगाडीच्या वेगाने. ती गेल्यावर मित्राने मला बाहेर नेऊन नुसता बर्फ दाखवला. पुढच्या टायरची नक्षी बर्फात स्वच्छ उमटली होती, साच्यातून काढल्यासारखी, आणि उजव्या बाजूला मागच्या टायरच्या जागी नक्षीच नाही, नुसता गुळगुळीत चकचकीत पट्टा, पाटा फिरवल्यासारखा. ते चाक फिरतच नव्हतं, पुढची चाकं ओढत होती म्हणून ते फरफटत चाललं होतं, आणि बर्फावर घर्षण कमी म्हणून ड्रायव्हरला पत्ता नाही. हाच माणूस पुढे कोरड्या डांबरावर गेला असता तर टायरला एकाच जागी चपटा डाग पडला असता आणि टायर बाद. म्हणून हल्ली मी सगळ्यांना सांगतो की बर्फात सकाळी गाडी काढली की चार-पाच मीटर जा, थांबा, उतरा आणि मागे वळून आपल्याच गाडीचा माग बघा. मागच्या चाकांची नक्षी दिसली तर बिनधास्त निघा.

आता तुम्ही काय करायला हवं होतं. सगळ्यात आधी पुढच्या चाकांना दगड लावायचा, कारण हँडब्रेक खाली आहे, गिअर न्यूट्रलला असेल आणि चाक अचानक सुटलं तर गाडी घरंगळणार, आणि त्या वेळी कुणीतरी मागे वाकून चाकात बघत असतंच. मग दांडा पूर्ण वर आणि पूर्ण खाली असा आठ-दहा वेळा करायचा, कधी कधी एवढ्यानेच आत टक असा आवाज येतो आणि काम होतं. नाही झालं तर सगळ्यांना बाजूला उभं करा, दगड काढा, गाडीत बसून हलकेच रिव्हर्स टाका, क्लच अर्धा सोडा, गाडी दबली की पुन्हा क्लच दाबा, मग पहिला, मग पुन्हा रिव्हर्स, झोका दिल्यासारखं. पाच-सहा वेळा बस. क्लचचा जळका वास आला तर ताबडतोब थांबा, कारण चिकटलेला लायनर फुकटात सुटतो पण डोंगरात जळलेला क्लच म्हणजे टो करून मनालीपर्यंत.

तेवढ्यानेही नाही सुटलं तर पुन्हा दगड लावून ड्रमवर ठोकायचं. रिमच्या फटीतून ड्रमचा चेहरा दिसतो, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने मध्यम ठोके द्यायचे, एकाच जागी नाही, गोल फिरत. घण घालायचा नाही, ड्रम बिडाचा असतो, थंडीत तो आणखी ठिसूळ वागतो. आणि गाडीखाली शिरायचं नाही, कितीही छोटं काम वाटलं तरी नाही. हॉटेलात लाईट असेल तर बायकोचा किंवा आईचा हेअर ड्रायर हे याच्यावरचं उत्तम हत्यार आहे, चाकाच्या आतल्या बाजूने ड्रमच्या पाठीवर पंधरा-वीस मिनिटं गरम हवा मारा, फक्त बोर्डाची वायर बर्फाच्या पाण्यात पडलेली नको. आणि घाई नसेल तर सरळ ऊन येईपर्यंत थांबा. सिस्सूला डोंगरामुळे ऊन उशिरा उतरतं, पण उतरतं.

उकळत्या पाण्याबद्दल. त्या मुलाचा हेतू चांगला होता पण मी ते करू देत नाही. गोठलेल्या बिडावर उकळतं पाणी पडलं की तडा जायची भीती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही ज्या ब्रेकमध्ये आधीच पाणी होतं म्हणून अडकलात त्याच्यात आणखी तांब्याभर पाणी घातलंत. चहाच्या टपरीवर तुम्ही पुन्हा हँडब्रेक ओढलात आणि तेच पाणी पुन्हा गोठलं. अगदीच दुसरा इलाज नसेल तर कोमट पाणी, ड्रमवरच, आणि सुटल्याबरोबर निघायचं, मग पहिले दोन-तीनशे मीटर हळू चालवत, डाव्या हाताचा हँडब्रेक नाही, उजव्या पायाखालचा ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा म्हणजे घासून घासून आतलं पाणी सुकतं. मागे-पुढे कुणी नाही हे बघून. दोनेक किलोमीटरवर थांबून प्रत्येक चाकाजवळ हात न्या, लावू नका नुसता न्या, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल किंवा जळका वास असेल तर तो ब्रेक अजून घासतोय.

एक वेगळी शक्यतापण सांगून ठेवतो, कारण तिचा इलाज वेगळा आहे. दांडा खाली केल्यावर तो ढिला, लुळा वाटला, वर ओढताना नेहमीचा कट-कट ताण लागत नाही, तर गोठलंय ते लायनर नाही, केबल आहे. केबलच्या बाहेरच्या नळीला कुठेतरी चीर गेलेली असते किंवा टोकाचं रबर फाटलेलं असतं, त्यातून पाणी आत जातं आणि आत बर्फ झाला की केबल सरकत नाही. हे घरी आल्यावर आपोआप बरं झालं असं वाटतं, पण चीर तिथेच असते आणि तीच केबल पुढे पावसाळ्यात गंजून जॅम होते. केबल बदलून घ्या, हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही.

प्रश्न: सगळे सांगतात बर्फात हँडब्रेक लावू नका. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, ते म्हणतात हँडब्रेक न लावता गाडीतून उतरणं म्हणजे घराला कुलूप न लावता गावाला जाणं. आम्ही फेब्रुवारीत लेहला विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणार आहोत. कुणाचं ऐकू? — एक वाचक भगिनी, मिरज

उत्तर: ताई, वडिलांचं ऐका, आणि त्यांनाही हे वाचायला द्या, कारण ते ज्या भीतीने सांगतायत ती भीती शंभर टक्के खरी आहे. थांबलेली गाडी घरंगळून माणसं दगावतात. हँडब्रेक चिकटला तर एक सकाळ वाया जाते.

म्हणून माझा क्रम असा. सपाट जागा शोधायची, थोडं लांब चालावं लागलं तरी चालेल पण सपाट. मॅन्युअल गाडी असेल तर बंद करून गिअरमध्ये टाकून ठेवायची, गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स, आणि ऑटोमॅटिक असेल तर पी. चाकाला पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळा. फुटपाथची कड असेल तर पुढची चाकं अशी वळवून ठेवायची की गाडी सरकली तरी कडेला जाऊन टेकेल. एवढं सगळं सपाट जागेवर केलं आणि ब्रेक ओले आहेत अशी शंका असेल, तर हँडब्रेक न ओढता रात्र काढायला हरकत नाही, बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्येसुद्धा कडक थंडीसाठी हेच लिहिलेलं असतं.

उतार असेल तर मात्र हँडब्रेक ओढायचाच. गिअर आणि दगड आहेतच, शिवाय हँडब्रेकपण. चिकटला तर सकाळी बघू.

आता खरी गोष्ट. लेहला फेब्रुवारीत रात्री पारा उणे दहा-पंधरापर्यंत सहज जातो, तरी तिथल्या स्थानिक गाड्यांचे हँडब्रेक रोज चिकटत नाहीत, कारण लडाखची हवा कोरडी आहे. कोरडा ब्रेक उणे वीसमध्ये पण सुटतो आणि ओला ब्रेक उणे दोनमध्ये पण धरतो. तुम्ही दिवसभर कोरड्या रस्त्यावर फिरलात तर बहुतेक काही होणार नाही. पण खारदुंगलाला जाऊन आलात, तो घाट पाच हजार तीनशे मीटरच्या वर आहे, तिथे दुपारच्या उन्हात रस्त्यावरचा बर्फ पाणी पाणी होतो, त्यातून गाडी आली, किंवा गाडी भाड्याने देणाऱ्याने संध्याकाळी प्रेमाने गाडी धुऊन दिली, तर त्या रात्री सावध. मुक्कामाच्या आधीचा शेवटचा एक किलोमीटर हलका ब्रेक दाबत या, ड्रम कोमट आणि कोरडे होऊ देत, मग दहा मिनिटं गाडी नुसती गिअरवर उभी ठेवून सामान उतरवा आणि त्यानंतर हँडब्रेकचं ठरवा.

गिअरमध्ये ठेवलेल्या गाडीची एक खबरदारी, सकाळी चावी फिरवायच्या आधी क्लच पूर्ण दाबा. नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय बऱ्याचदा सुरूच होत नाहीत पण भाड्याची जुनी गाडी असेल तर ती गिअरमध्येच उडी मारते. आणि निघताना दगड काढून रस्त्याच्या पार कडेला टाका. घाटात मध्येच पडलेले असे दगड मी इतके पाहिलेत, रात्री बाईकवाल्याला ते दिसत नाहीत. आपल्या गाडीला ज्याने रात्रभर धरलं त्याने दुसऱ्याला पाडू नये एवढी काळजी घ्याच.

प्रश्न: मी कॅल्गरीला नर्स आहे, दुसराच हिवाळा आहे. माझ्या एसयूव्हीला दांड्याचा हँडब्रेक नाही, बटन आहे, आणि गाडी बंद केली की ब्रेक आपोआप लागतो. गेल्या आठवड्यात दिवसा छान ऊबदार होतं म्हणून कार वॉशला जाऊन आले, रात्री पारा धाडकन खाली गेला आणि पहाटे पाचला ड्यूटीला निघताना गाडी मागून नुसती खाली दबली, पुढे गेलीच नाही. बटन वीस वेळा दाबलं. ब्लॉक हीटर रात्रभर लावला होता तरी असं का? शेवटी टॅक्सीने गेले. — एक वाचक, कॅल्गरी

उत्तर: पहाटे पाचला, एकटी, ड्यूटीची वेळ झालेली आणि गाडी हलत नाही, वाचूनच वाईट वाटलं. टॅक्सीने गेलात ते उत्तम केलंत.

ब्लॉक हीटर इंजिन गरम ठेवतो, मागच्या चाकांपर्यंत त्याची ऊब पोचत नाही. तुमच्याकडचा चिनूक वारा हाच यातला मुख्य घटक आहे, तो डोंगरावरून कोरडा गरम उतरतो, काही तासांत पारा वीस-वीस अंशांनी वर जातो, रस्त्यावरचं सगळं वितळतं, लोक मीठ-चिखल धुवायला कार वॉशच्या रांगेत लागतात, आणि तो ओसरला की त्याच रात्री सगळं पुन्हा गोठतं. उणे तीसच्या सलग आठवड्यात जेवढ्या गाड्या अडकत नाहीत तेवढ्या अशा एका वितळ-गोठ रात्रीत अडकतात. गाडी धुवू नका असं मी म्हणणार नाही, मिठाने खालून गाडी खाल्ली जाते, धुवायलाच हवी. फक्त धुतल्यावर सरळ घरी येऊन लावू नका, दहा-पंधरा मिनिटं फिरवा, अधूनमधून ब्रेक दाबा, मग घरी या. आणि सकाळी किंवा दुपारी धुवा, संध्याकाळी नको.

बटनाच्या ब्रेकमध्ये बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यावर, एक एक छोटी मोटर असते, ती पॅड, म्हणजे घासणाऱ्या वड्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबते. तुम्ही बटन दाबल्यावर मोटर बहुतेक मागे आलीसुद्धा, पण ओले पॅड डिस्कला चिकटलेले राहिले. मागून गाडी दबली याचा अर्थ पुढची चाकं ओढतायत आणि मागची धरून ठेवतायत. वीस वेळा बटन दाबण्याने मोटर तापते आणि सिस्टीम स्वतःला बंद करून घेते, मग दुसरीच लाईट लागते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. दोन-तीन वेळा पुरे. मग ब्रेक पेडलवर पाय, डी, हळूच सोडून थोडा ॲक्सिलरेटर, पुन्हा ब्रेक, आर, असं दोन-चार वेळा, टायर जागच्या जागी गरगर फिरायला लागतील एवढी ताकद लावायची नाही. बहुतेक वेळा कडक असा आवाज येऊन सुटतं. नाहीच सुटलं तर रोडसाइड असिस्टन्सला फोन, ते लोक गरम हवेचं यंत्र घेऊन येतात.

यापुढे काय करायचं ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे. आपोआप लागणारा ब्रेक त्या एका वेळेपुरता किंवा कायमचा बंद करायची सोय बऱ्याच गाड्यांत असते, कुठे गाडी बंद करताना बटन खाली दाबून धरावं लागतं, कुठे मेन्यूत जावं लागतं, प्रत्येक कंपनीचं वेगळं. सुट्टीच्या दिवशी दुपारी चहा घेऊन ते पान शोधा आणि अंगणात दोनदा करून बघा. पहाटे पाचला अंधारात शिकायची ती गोष्ट नाही. सपाट ड्राइव्हवेवर नुसता पी पुरतो, उतार असेल तर नाही.

प्रश्न: निफाडला द्राक्षबाग आहे. डिसेंबरात पारा पाच-सहावर आला तेव्हा आमची पिकअप आठ दिवस बागेच्या कडेला उभी होती, हँडब्रेक ओढून. आठ दिवसांनी जागची हलेना, ट्रॅक्टरने ओढली तेव्हा फाटकन आवाज होऊन सुटली. आमच्याकडे पण ब्रेक गोठतो का? — एक बागायतदार

उत्तर: नाही भाऊ, पाच-सहा अंशांना पाणी गोठत नाही. तुमच्याकडे बर्फाचं काम गंजाने केलं. पहाटेचं दव, बागेला दिलेलं पाणी, त्यात फवारणीच्या औषधांच्या टाक्या त्याच गाडीतून नेल्या असतील तर त्यांचे शिंतोडे. लायनर ओला, ड्रम बिडाचा, आठ दिवस एकमेकांना घट्ट दाबून धरलेले, मग गंज दोघांना जोडतो. कोकणात तर हे दर पावसाळ्यात होतं. रत्नागिरीहून आलेल्या एका गाडीचा ड्रम मी उघडला होता, मालक मुंबईला आणि गाडी जून ते गणपती अंगणात हँडब्रेकवर. ड्रम निघाला तो आतून सगळा तपकिरी, आणि त्यात बरोबर लायनरच्या आकाराचा एक चौकोन, त्यावर लायनरचा काळा तुकडाच चिकटलेला, शूवरून उपटून आलेला. नुसता पत्रा शूवर राहिला होता. ती गाडी कुणी तशीच ओढून पुढे चालवली असती तर मागचा ब्रेक नावालाच उरला असता.

तुमची फाटकन सुटली म्हणताय म्हणून आग्रहाने सांगतो, भरलेले क्रेट घेऊन रस्त्याला लागायच्या आधी मागचे दोन्ही ड्रम उघडून बघून घ्या. तासाभराचं काम आहे. लायनर सुटलेला असेल तर जोडी बदला, ड्रम पॉलिश पेपरने घासून घ्या, स्प्रिंगा बघा. आणि यापुढे तीन-चार दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर सपाट जागा, गिअर आणि दोन दगड, हँडब्रेक मोकळा.

प्रश्न: चिकटलेल्या ब्रेकवर गंज सोडवायचा स्प्रे मारला तर? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अजिबात नाही. लायनरवर किंवा डिस्कवर तेलकट काहीही गेलं की ब्रेक लागायचा तेव्हा लागणार नाही, आणि लायनर ते शोषून घेतो, नंतर पुसून जात नाही. केबलमध्येपण तेल सोडू नका, नव्या केबलना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, काही तेलांनी ते फुगतं.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातला, ट्रक चालवतो, नोव्हेंबर अखेरीस माल घेऊन झोजीला पार करून द्रासला मुक्काम केला. सकाळी हवा भरली तरी पार्किंग ब्रेक सुटेना. सोबतच्या गाडीवाल्याने खाली स्टोव्ह पेटवला, मला भीती वाटली. आणि तिकडच्या थंडीत डिझेल कोणतं भरायचं? — एक चालक

उत्तर: भीती वाटली ते बरोबरच वाटलं. टायर, हवेचे पाइप, डिझेलची लाइन, सगळं तिथेच आहे, त्याखाली उघडी आग नको म्हणजे नको.

ट्रकचं गणित कारच्या उलट आहे, पार्किंग ब्रेक आतल्या जाड स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. कॉम्प्रेसर जी हवा भरतो तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साठते, ते पाणी पाइपात किंवा वाल्वमध्ये गोठलं की गेज पूर्ण दाब दाखवतो पण हवा ब्रेकपर्यंत पोचत नाही. म्हणून थंड भागात रोज संध्याकाळी इंजिन बंद केल्यावर टाकीखालचा ड्रेन वाल्व उघडून पाणी काढायचं, फुस्स करून नुसती हवा येईपर्यंत. एअर ड्रायर, म्हणजे या हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र, असेल तर त्याचं कार्ट्रिज निघायच्या आधी बदललेलं हवं. पाइपात स्पिरिट ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, रबरी सील खराब होतात. दुसरं कारण तुमच्या लायनरचं, घाट उतरून ड्रम तापलेले असताना बर्फावर गाडी लावून लगेच ब्रेक लावला की कारसारखंच ओलं होऊन चिकटतं, म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावून थोडा वेळ ड्रम थंड होऊ द्या, तुम्ही स्वतः केबिनमध्ये, गरज पडली तर पायब्रेक दाबायच्या तयारीत बसलेले असताना, आणि मग पार्किंग ब्रेक लावा. लोड गाडी रात्रभर बिनब्रेकची मात्र कधीच ठेवायची नाही.

डिझेलचंपण विचारलंय तुम्ही, तर २०१९ पासून लडाखसाठी इंडियन ऑइलचं वेगळं हिवाळी डिझेल मिळतं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. खालून भरलेलं साधं डिझेल टाकीत कमीत कमी ठेवून वर जा आणि ते तिथे भरा.

प्रश्न: माझा मुलगा मिनियापोलिसला शिकतो. फोनवर म्हणाला, गॅरेजात गाडीचा ब्रेक गोठला होता, हलत नव्हती, म्हणून तशीच अर्धा तास चालू ठेवली, गरम होऊन सुटली. मला यातलं कळत नाही पण मनाला लागून राहिलं. हे बरोबर आहे का? — एक आई, कोल्हापूर

उत्तर: ताई, तुमच्या मनाला लागलं ते योग्य कारणाने लागलं. आजच फोन करा. गॅरेजात गाडी चालू ठेवली की धुरातून कार्बन मोनॉक्साइड भरतो, त्याला रंग नाही, वास नाही, आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि मग माणूस उठत नाही. शटर उघडं होतं म्हणाला तरी ते पुरेसं नाही, गॅरेज घराला जोडलेलं असेल तर तो वायू घरात शिरतो. गाडी बाहेर काढता येत नसेल तर ती सुरूच करायची नाही, हेअर ड्रायर लावायचा किंवा थांबायचं. अंगणात असली तरी सुरू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ हाताने काढायचा, ते तोंड बुजलं असेल तर धूर गाडीतच येतो.

शिवाय अर्धा तास इंजिन चालवून मागचा ब्रेक गरम होत नाही, ती ऊब तिथवर जातच नाही. त्याची गाडी सुटली ती बहुधा मागेपुढे हलवल्यामुळे. त्याला सांगा, बाहेरच्या चिखलातून येऊन गॅरेजात लावणार असशील तर हँडब्रेक ओढू नको, सपाट फरशी आहे, गिअर किंवा पी पुरे. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो झोपायच्या खोलीजवळ लावलाय का ते विचारा, लावलेला असेल तर बटन दाबून तो वाजतो का हे फोन चालू असतानाच त्याला करून दाखवायला सांगा.